लग्न मोडायला आलेली मावशी: ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये स्वभावातून कथानक कसं घडतं, ते वही घेऊन वाचताना

लेडी कॅथरिन डी बर्ग ५६व्या प्रकरणात घोडागाडी जोडून लाँगबोर्नला येतात, त्या एक लग्न होऊ नये म्हणून. भाचा डार्सी तिथल्या बेनेटांच्या एलिझाबेथशी लग्न करणार अशी कुणकुण त्यांना लागलेली असते. त्या एलिझाबेथला झापतात, तिचं घराणं काढतात आणि डार्सीशी लग्न ठरवणार नाही असं वचन मागतात. एलिझाबेथ ते देत नाही. संतापलेल्या मावशी तिथून लंडनला भाच्याकडे जातात आणि या मुलीचा उद्धटपणा त्याला शब्दन् शब्द ऐकवतात. डार्सीला त्या तक्रारीतून भलतंच काही कळतं. ही मुलगी त्याला कायमची नाकारून बसली असती, तर तिनं ते मावशींच्या तोंडावर सरळ सांगितलं असतं. तिनं तसं सांगितलेलं नाही. म्हणजे अजून आशा आहे. तो परत येतो, पुन्हा विचारतो आणि लग्न ठरतं.

या प्रसंगात बाहेरून काहीही येऊन पडत नाही. मावशींना दुसऱ्याच्या आयुष्यात हुकूम सोडायची सवय आहे, एलिझाबेथला दरडावलं की ती जास्तच ताठ होते आणि डार्सी एव्हाना तिचा स्वभाव नीट ओळखतो. या तीन स्वभावांची गाठ पडली आणि कथानक शेवटाला पोचलं. जेन ऑस्टिनची ही कादंबरी जवळजवळ पूर्ण अशीच चालते. ती कशी चालते हे आपल्या डोळ्यांनी बघता यावं, म्हणून माझी वाचण्याची पद्धत इथं पायरी-पायरीनं मांडतो आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ती उपयोगी पडेल, वाचनगटांना पडेल, आणि स्वतः कादंबरी लिहू पाहणाऱ्यांना सगळ्यात जास्त पडेल असं मला वाटतं. पुढे सगळं कथानक उघड केलेलं आहे, त्यामुळे कादंबरी अजून वाचली नसेल तर पहिली पायरी करून मगच इथं परत या.

पहिली पायरी: एकदा नुसतं वाचा

पहिल्या वाचनाला पेन हातात घेऊ नका. ही सूचना मी अनुभवातून देतो आहे. पहिल्या वेळी माझा विकम या पलटणीतल्या अधिकाऱ्यावर पूर्ण विश्वास बसला होता. देखणा, मोकळा, अन्याय झालेला माणूस. एलिझाबेथइतकाच मी फसलो आणि ३५व्या प्रकरणातलं डार्सीचं पत्र वाचताना तिच्याइतकाच खजील झालो. हे फसणं या अभ्यासाचं भांडवल आहे. चित्रपट किंवा मालिका आधी पाहिली असेल तर विकमचं गुपित फुटलेलं असेल, पण तरीही एक वाचन टिपणांशिवाय करा.

प्रत कुठलीही चालेल, फक्त प्रकरणांचे आकडे तपासून घ्या. कादंबरी २८ जानेवारी १८१३ रोजी लंडनच्या टॉमस एगर्टननं तीन खंडांत काढली. काही आवृत्त्यांत प्रत्येक खंडाची प्रकरणं पुन्हा १ पासून मोजतात, काहींत सलग ६१ प्रकरणं असतात. पहिल्या खंडात २३, दुसऱ्यात १९ आणि तिसऱ्यात १९. म्हणजे दुसरा खंड सलग मोजणीत २४ पासून सुरू होतो आणि तिसरा ४३ पासून. या लेखात मी सलग आकडे वापरले आहेत.

एक माहिती आधीच हाताशी ठेवण्यासारखी आहे. १७९६-९७ मध्ये झालेल्या या कादंबरीच्या पहिल्या खर्ड्याचं नाव होतं ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’, म्हणजे पहिल्या भेटीत मनावर उमटलेला ठसा. ऑस्टिनच्या वडिलांनी १७९७ मध्ये लंडनच्या एका प्रकाशकाला ती देऊ केली होती आणि त्यानं ती न वाचताच नाकारली. पुढे ऑस्टिननं तिच्यावर पुन्हा काम केलं, आणि कादंबरी छापून आल्यावर बहीण कॅसँड्राला लिहिलेल्या पत्रात आपण तिची बरीच छाटणी केल्याचं सांगितलं. मी या छाटणीचा अर्थ असा घेतो की उरलेल्या पानांत वायफळ गप्पा फारशा नाहीत. डार्सीचा मित्र बिंगली याच्या नेदरफील्डच्या बैठकीतली चेष्टासुद्धा पुढे कुठंतरी वसूल होते.

दुसरी पायरी: पैशाचं पान

वहीचं पहिलं पान आकड्यांसाठी ठेवा. बेनेटांच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. पण ती जमीन पुरुष वारसालाच जाणार अशी कायदेशीर अट आहे. मिस्टर बेनेटना पाच मुली, मुलगा नाही, त्यामुळे ती लांबच्या नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार. मिसेस बेनेट आणि मुलींच्या नावावर मिळून ५,००० पौंड आहेत. लग्नाची मागणी घालताना कॉलिन्स एलिझाबेथला अगदी हिशोबानं ऐकवतो की आईच्या पश्चात तिच्या वाट्याला ४ टक्के व्याजाचे १,००० पौंड येतील. म्हणजे वर्षाला ४० पौंड. बिंगलीचं उत्पन्न ४ ते ५ हजार, डार्सीचं १० हजार.

हे पान का हवं? कारण सगळ्यांवरचा दाब इथं कळतो. जेन, एलिझाबेथ, लिडिया या बेनेट बहिणी आणि शेजारची शार्लट लुकस, या सगळ्यांपुढे अडचण एकच आहे: लग्न झालं नाही तर पुढे काय? दाब एकच असताना प्रत्येकजण वेगळं वागते. शार्लट २७ वर्षांची आहे, तिला स्वतःचं घर हवं आहे, म्हणून ती कॉलिन्सला हो म्हणते. एलिझाबेथ दोनच दिवसांपूर्वी त्याला नाही म्हणालेली असते, आणि काही महिन्यांनी १० हजारवाल्या डार्सीलाही नाही म्हणते, तेव्हा तिच्या वाट्याला पुढेमागे येणार आहेत ते फक्त वर्षाचे ४० पौंड. लिडियाला पुढचा विचार मुळी शिवतच नाही. परिस्थिती समान धरली की जो फरक उरतो तो स्वभावाचा. ऑस्टिननं हा प्रयोग इतका चोख मांडला आहे की मला दर वेळी त्याचं अप्रूप वाटतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आपल्याकडच्या ‘स्थळ’ आणि ‘पाहण्याचा कार्यक्रम’ यांच्या चष्म्यातून हे सगळं बघायचा मोह होईल. काही साम्य आहे, पण इथं तरुण-तरुणी नाचाच्या समारंभात, जेवणावळीत, फिरायला जाताना भेटतात, आणि मागणी पुरुषानं स्वतः मुलीला घालायची असते. मुलीच्या हातात फक्त होकार किंवा नकार. म्हणून या कादंबरीत दिलेल्या आणि नाकारलेल्या प्रत्येक उत्तराला इतकं वजन आहे.

तिसरी पायरी: विशेषणं खोडा, क्रियापदं लिहा

दुसऱ्या वाचनाला प्रत्येक मुख्य पात्राला एक पान द्या. नियम एकच: त्या पानावर विशेषण चालणार नाही. ‘डार्सी गर्विष्ठ आहे’ हे मेरिटन गावाचं मत झालं, त्यातून पुढची एकही घटना निघत नाही. त्याऐवजी तो काय करतो ते लिहा. अनोळखी माणसांत तो स्वतःहून बोलायला जात नाही. मित्राचं भलं कशात आहे ते परस्पर ठरवतो. घरची लाज चारचौघांत येऊ देत नाही. चूक कळली की गाजावाजा न करता स्वतः जाऊन निस्तरतो. आता या चार वाक्यांकडे बघा. पहिल्यातून मेरिटनच्या नाचातला अपमान निघतो, दुसऱ्यातून जेन आणि बिंगलीची ताटातूट, तिसऱ्यातून विकमबद्दलचं मौन आणि चौथ्यातून लिडियाचं लग्न. कादंबरीचा अर्धा सांगाडा एका पानावर आला.

एलिझाबेथचं पान असंच भरा. ती माणसाबद्दल पहिल्याच भेटीत मत बनवते. ते मत चटकदार करून मैत्रिणींना सांगते. डार्सीनं नाचाला नकार देताना तिच्याबद्दल काढलेले उद्गार तिनं स्वतःच हसत हसत गावात पसरवले, हे ३ऱ्या प्रकरणात एका ओळीत येऊन जातं. स्वतःचा अभिमान दुखावला गेला हे ती ५व्या प्रकरणात कबूलही करते: त्याचा गर्व मी माफ केला असता, त्यानं माझा दुखावला नसता तर. नावामुळे पुष्कळजण गर्व डार्सीला आणि पूर्वग्रह एलिझाबेथला वाटून मोकळे होतात. हे ५वं प्रकरण वाचल्यावर ती वाटणी टिकत नाही. दोघांकडे दोन्ही आहेत.

क्रियापदं लिहिताना प्रकरणाचा आकडा टाका आणि शेजारी एक रकाना मोकळा सोडा. तेच वागणं पुढे कुठं कामाला आलं ते तिथं भरायचं आहे. एक नमुना देतो. १०व्या प्रकरणात नेदरफील्डला संध्याकाळच्या गप्पांत डार्सी बिंगलीला म्हणतो की तू घोड्यावर बसत असताना एखाद्या मित्रानं ‘आठवडाभर थांब’ म्हटलं तर तू थांबशील. सगळं खेळीमेळीनं चाललेलं असतं. दोनेक आठवड्यांतच बिंगली कामासाठी लंडनला जातो, मित्र ‘परत जाऊ नको’ म्हणतो आणि तो जात नाही. जेनचा हिवाळा दुःखात जातो. कादंबरीच्या अखेरीस डार्सी त्याला सांगतो की माझी चूक झाली, जेनचं तुझ्यावर प्रेम आहे, आणि बिंगली लगेच येऊन मागणी घालतो. ज्या स्वभावानं लग्न मोडलं त्याच स्वभावानं ते जुळवलं. मोकळा रकाना भरला की हे दिसतं, एरवी १०व्या प्रकरणातली ती ओळ डोळ्यांखालून निसटून जाते.

दुसरा नमुना ३१व्या प्रकरणातला. लेडी कॅथरिनच्या घरी, रोझिंग्जला, पियानोशी बसलेली एलिझाबेथ डार्सीला सांगते की मला कोणी भेदरवायला गेलं की माझी हिंमत वाढते. हे तिचं वाक्य २५ प्रकरणांनंतर लेडी कॅथरिनसमोर खरं ठरतं. आणि ज्यानं ते ऐकलं होतं, तोच माणूस मावशींची तक्रार ऐकून तिचा अर्थ अचूक लावतो.

चौथी पायरी: अदलाबदल करून बघा

आता कादंबरीतली मोठी वळणं काढा. मला साधारण दहा-बारा सापडतात: मेरिटनचा नाच, जेनचं नेदरफील्डला आजारी पडणं, विकमची कहाणी, नेदरफील्डचा नाच, कॉलिन्सच्या दोन मागण्या, शार्लटचा होकार, हन्सफर्डला डार्सीनं घातलेली पहिली मागणी आणि पत्र, डार्सीच्या घरी पेम्बर्लीला झालेली भेट, लिडियाचं पळून जाणं, डार्सीची गुप्त मदत, लेडी कॅथरिनची भेट. यादी तुमची वेगळी असू शकते.

प्रत्येक वळणाला एक प्रश्न विचारा. या जागी दुसरं पात्र उभं केलं असतं तर गोष्ट इकडेच वळली असती का? छपन्नाव्या प्रकरणात एलिझाबेथच्या जागी जेन उभी करा. जेन कुणाला दुखवणार नाही. लग्न ठरलेलं नाही हे सांगताना ती मावशींची समजूत घालेल, कदाचित हवं ते वचनही देऊन टाकेल. डार्सीच्या कानावर निरोप जाईल तो नकाराचा. गोष्ट तिथंच संपते.

या पायरीवर सर्वात जास्त वेळ लिडियाच्या पळून जाण्याला द्या. वरवर बघता ही कादंबरीतली सर्वात ‘घडवून आणलेली’ घटना वाटते. नायक-नायिका जवळ येताहेत, म्हणून लेखिकेनं मध्ये संकट टाकलं असं वाटू शकतं. पण तिच्या मुळाशी जाऊन बघा. लिडिया १५-१६ वर्षांची, सैनिकांच्या लाल कोटांवर भाळलेली, आईची लाडकी. तिला ब्रायटनचं आमंत्रण येतं. ४१व्या प्रकरणात एलिझाबेथ वडिलांना कळकळीनं सांगते, तिला पाठवू नका. मिस्टर बेनेट ऐकत नाहीत. लिडिया गेली नाही तर लाँगबोर्नमध्ये शांतता राहणार नाही, आणि त्यांना पुस्तकांच्या खोलीतली शांतता हवी आहे. इथं त्यांच्या जागी गार्डिनर मामा उभे करा. ते पोरीला हात धरून घरी बसवतील. मिस्टर बेनेटांच्या विनोदांवर वाचक ४० प्रकरणं मनापासून हसलेला असतो. त्या विनोदामागे जबाबदारी झटकणं होतं, हे इथं उघडं पडतं आणि वाचताना जीव तुटतो.

अजून खाली जा. विकम कसा आहे हे ब्रायटनला कुणालाच माहीत नाही. का नाही? डार्सीला माहीत होतं. त्याच्या बहिणीला, जॉर्जियानाला, ती १५ वर्षांची असताना विकमनं रॅम्सगेटहून पळवून न्यायचा घाट घातला होता, तिच्या ३०,००० पौंडांसाठी. डार्सी घराण्याची लाज म्हणून गप्प राहिला. पुढे तो स्वतःच या मौनाला चुकीचा अभिमान म्हणतो. एलिझाबेथला पत्रातून कळलं होतं. ४०व्या प्रकरणात ती आणि जेन ठरवतात की गावात बोभाटा करायचा नाही: विकम जाणारच आहे, डार्सीनं सांगायची मुभा दिलेली नाही, आणि जेनला वाटतं की बिचारा सुधारतही असेल. वाईट हेतू यात कुणाचाच नाही. वडिलांचा आळस, आईचे लाड, डार्सीचा अभिमान, एलिझाबेथची सचोटी, जेनचा भाबडेपणा आणि लिडियाचं अल्लडपण, अशा सहा स्वभावांनी मिळून त्या मुलीला विकमच्या हाती दिलं. संकट वरून पडलं असं म्हणायला इथं जागाच उरत नाही.

स्कॉटिश कवी आणि समीक्षक एडविन म्यूर यांनी १९२८ मध्ये ‘द स्ट्रक्चर ऑफ द नॉव्हेल’ या पुस्तकात अशा कादंबरीला नाट्यात्म कादंबरी म्हटलं, आणि पहिलं उदाहरण हेच घेतलं. पात्रं म्हणजे कथानकाच्या यंत्रातले सुटे भाग नाहीत आणि कथानक म्हणजे पात्रं टांगायची खुंटी नाही, दोन्ही एकमेकांत विणलेले आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. समीक्षेचं वाचन करायचं असेल तर सुरुवात तिथून करा, पण लिडियाचं पान स्वतः भरून झाल्यावर. आधी वाचलं तर त्यांचेच शब्द वहीत उतरतील.

पाचवी पायरी: कोण बोललं, कोण गप्प राहिलं

ही पायरी मला कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही, वाचता वाचता सापडली, आणि आता तिच्याशिवाय मला ही कादंबरी वाचता येत नाही. वहीत दोन रंगांनी नोंद करा. एका रंगानं, कुणी काय सांगितलं. दुसऱ्या रंगानं, कुणी काय सांगितलं नाही. तीन-चार प्रकरणांतच लक्षात येईल की या कथानकाला तलवारी, मृत्युपत्रं, हरवलेली मुलं यांपैकी कशाचीच गरज नाही. बोलणं आणि न बोलणं एवढ्यावर ते चालतं. कोण बोलणार आणि कोण तोंड मिटून बसणार, हे तर स्वभावच ठरवतो.

जेन मनातलं चेहऱ्यावर येऊ देत नाही. सहाव्या प्रकरणात शार्लट म्हणते की बाईनं प्रेम इतकं लपवलं तर ज्याला कळायला हवं त्यालाही ते कळणार नाही. एलिझाबेथ ते हसण्यावारी नेते. पस्तिसाव्या प्रकरणातल्या पत्रात डार्सी लिहितो की मी तुझ्या बहिणीला नीट न्याहाळलं, तिच्या शांत चेहऱ्यावर मला प्रेमाची खूण दिसली नाही. शार्लटचं बोलणं अक्षरशः खरं ठरलं. मिसेस बेनेट बरोबर उलट्या. नेदरफील्डच्या नाचाला जेवणाच्या टेबलावर त्या जेनचं लग्न जमल्यातच जमा असल्यासारखं मोठ्यांदा बोलत राहतात, डार्सीला ऐकू जाईल इतकं. मुलगी बोलत नाही आणि आई थांबत नाही. या दोहोंच्या मध्ये बिंगली निसटतो.

विकमचं बोलणं फार बारकाईनं बघा. सोळाव्या प्रकरणात जेमतेम ओळख झालेल्या मुलीला तो आपली सगळी करुण कहाणी सांगतो. डार्सीच्या वडिलांच्या आठवणीखातर मी त्याची बदनामी करणार नाही असं म्हणतो, आणि बिंगली मंडळी गाव सोडून गेली रे गेली की तीच कहाणी सगळ्या मेरिटनला सांगतो. डार्सीला मी टाळणार नाही म्हणतो, आणि नाचाला येत नाही. पुरावा पूर्ण समोर आहे. पहिल्या वाचनात आपण तो पाहूनही पाहत नाही, कारण एलिझाबेथला तो दिसत नाही आणि आपण बहुतेक वेळ तिच्याच डोळ्यांनी बघत असतो.

डार्सीचा मामेभाऊ कर्नल फिट्झविलियम मोकळ्या स्वभावाचा आहे. ३३व्या प्रकरणात तो सहज सांगून जातो की डार्सीनं अलीकडे एका मित्राला नको त्या लग्नातून सोडवलं. ती मुलगी समोरच्या बाईची बहीण आहे हे त्याच्या गावीही नाही. त्याच संध्याकाळी डार्सी मागणी घालायला येतो. एका माणसाचा मोकळेपणा आणि दुसऱ्याचा आत्मविश्वास एकाच दिवशी येतात आणि कादंबरीतलं सर्वात ज्वलंत प्रकरण पेट घेतं.

तिसऱ्या खंडात या नोंदी आणखी दाट होतील. लॅम्बटनच्या खानावळीत जेनची पत्रं वाचून हादरलेली एलिझाबेथ समोर आलेल्या डार्सीला सगळं सांगून टाकते. घरची लाज त्याच्यापुढे मांडते, म्हणजे तोवर तिचा त्याच्यावर किती भरवसा बसला आहे ते बघा. पुढे तिला आपण सांगायला नको होतं असं वाटतं. पण त्या सांगण्यामुळेच तो विकमला शोधायला जातो, त्याचं कर्ज फेडतो, लग्न लावून देतो. याचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरलेलं असतं. गुपित राखणार कोण? लिडिया. ५१व्या प्रकरणात लग्नाची हकीकत सांगताना ती डार्सी चर्चमध्ये होता हे बोलून जाते आणि मग म्हणते, अरेच्चा, हे सांगायचं नव्हतं, मी वचन दिलं होतं! ज्या उथळपणानं घर बुडायला आलं होतं, त्याच उथळपणामुळे एलिझाबेथला डार्सीचं मन कळतं. आणि शेवटी लेडी कॅथरिन, ज्यांना ऐकलेलं पोटात ठेवता येत नाही.

माझ्या मते डार्सीचं खरं बदलणं याच नोंदींत सापडतं. पहिल्या मागणीत तो बोलतो आणि समोरच्याला काय वाटेल याचा विचार करत नाही. दुसऱ्यात तो आधी विचारतो, की तुझ्या भावना एप्रिलमध्ये होत्या त्याच असतील तर एकदा सांग, मी पुन्हा कधी विषय काढणार नाही. बोलायला शिकलेला माणूस गप्प बसायलाही तयार आहे.

सहावी पायरी: योगायोग प्रामाणिकपणे मोजा

या कादंबरीत योगायोग नाहीत असं मी म्हणणार नाही. कॉलिन्सची आश्रयदाती डार्सीची मावशी निघते. विकम नेमका मेरिटनच्या पलटणीत भरती होतो. गार्डिनर मामींची लग्नाआधीची काही वर्षं पेम्बर्लीजवळच्या लॅम्बटनला गेलेली असतात. मामांच्या कामामुळे सरोवरांच्या प्रदेशातली सहल आखडती घ्यावी लागते आणि डर्बिशरला जायचं ठरतं. डार्सी ठरल्यापेक्षा एक दिवस आधी घरी पोचतो. पाचही वहीत लिहा.

मग प्रत्येकापुढे लिहा की योगायोगानं नेमकं काय केलं. उत्तर दर वेळी सारखंच येतं: त्यानं दोन माणसं एका खोलीत आणली. पेम्बर्लीच्या हिरवळीवर डार्सी अचानक समोर येतो हा योगायोग. पण ज्या मुलीनं आपल्याला झिडकारलं तिच्याशी, आणि व्यापारी मामा-मामींशीही, तो इतक्या अदबीनं का वागतो, हे मात्र हन्सफर्डला ऐकलेल्या शब्दांमुळे. भेट नशिबानं होते, निकाल माणसं लावतात. एखाद्या नोंदीत तुम्हाला योगायोगानंच निकाल लावलेला दिसला तर तिथं खूण करा आणि गटात वाद घाला. मला तसा एकही सापडलेला नाही.

सातवी पायरी: ३६व्या प्रकरणासाठी वेगळा दिवस

डार्सीचं पत्र हाती आल्यावर एलिझाबेथ ते वाचते, चिडते, घडी घालते आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते. मग विकमच्या भागाचं एकेक वाक्य तपासते, त्याच्या जुन्या बोलण्याशी ताडून बघते, आणि शेवटी म्हणते की या क्षणापर्यंत मी स्वतःला ओळखतच नव्हते. या प्रकरणात बाहेर काहीच घडत नाही. एक मुलगी रस्त्यावर येरझारा घालत पत्र वाचते. तरी कादंबरी इथंच फिरते.

या दिवशी एक काम करा. ती ज्या ज्या गोष्टी आठवते, त्या मूळ जागी जाऊन पुन्हा वाचा: १५व्या प्रकरणातली विकम-डार्सीची भेट, जिथं एकाचा चेहरा पांढराफटक पडतो आणि दुसऱ्याचा लाल होतो पण कुणाचा कसा ते सांगितलेलं नाही, १६वं प्रकरण पूर्ण, १८व्यातला नाच. आपण या सगळ्या कामात जे करत आलो, तेच ती इथं करते. जुनी पानं उलटून, माणसांना त्यांच्या कृतींवरून नव्यानं वाचते. लिडिया, कॉलिन्स, मिस्टर बेनेट यांच्यातलं कुणी असं मागं वळून वाचत नाही. आपल्याकडे म्हणतात, स्वभावाला औषध नाही. या मंडळींच्या बाबतीत ते खरं आहे आणि त्यांच्या न बदलण्यावर कथानक पुढे रेटलं जातं. औषध घेतात ते एलिझाबेथ आणि डार्सी, दोघंच.

लिहिणाऱ्यांसाठी एक गृहपाठ

स्वतःची कादंबरी अडली असेल तर पुढची घटना शोधत बसू नका. तुमच्या पात्रांपैकी कुणाला एखादी गोष्ट माहीत आहे आणि कुणाला माहीत असायला हवी, एवढं लिहा. मग ज्याला माहीत आहे त्याच्या पानावरची क्रियापदं वाचा. तो सांगेल? कुणाला? किती उशिरा? चुकीच्या माणसाला तर नाही ना सांगणार? मी हे करून पाहिलं आहे. अडलेलं प्रकरण बहुतेक वेळा इथूनच सुटतं, आणि सुटलं नाही तर त्या पात्राच्या पानावर अजून विशेषणंच आहेत असं आढळतं.

शेवटचं काम वाचकांसाठी, आणि ते मला फार आवडतं. ६०व्या प्रकरणात एलिझाबेथ डार्सीला विचारते, तू माझ्या प्रेमात पडायला लागलास तरी कधी? त्याला वेळ सांगता येत नाही, जागा सांगता येत नाही. सुरुवात झाली हे कळलं तेव्हा मी मध्यावर पोचलो होतो, असं तो म्हणतो. त्याला सांगता आलं नाही, पण तुमच्याकडे आता वही आहे. सहाव्या प्रकरणात तिच्या काळ्याभोर डोळ्यांचा उल्लेख येतो तिथं खूण करा. तीन मैल चालून चिखलानं भरलेला घागरा घेऊन ती नेदरफील्डला पोचते ते ७वं प्रकरण बघा. दहाव्यात त्याला स्वतःलाच धोका जाणवतो ती ओळ शोधा. मग एक पान निवडा, कोपऱ्यात त्या दिवशीची तारीख टाका, आणि पुढच्या वाचनात तुमचं उत्तर बदलतं का ते बघा. माझं आतापर्यंत दोनदा बदललं आहे.